गेम खेळताना पीसी बंद पडतोय? पार्ट विकत घ्यायच्या आधी हे करून बघा

परभणीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. दिवसा पीकविमा, शिष्यवृत्ती, सातबारा. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की त्याच पीसीवर गेम. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. दोन वर्षं काही कुरकुर नव्हती. मग एका मे महिन्यात गेम चालू असताना पीसी फटकन बंद व्हायला लागला. दिवसभर तीस-चाळीस फॉर्म भरले तरी काही नाही, गेम लावला की मात्र डाव गेला.

मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. विंडोज तीनदा टाकलं. रॅम बदलली. नवा एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधली वीज पुरवणारी पेटी, आणला. ग्राफिक्स कार्ड तर विकायलाच काढलं होतं, गिऱ्हाईकही बघून गेलं. शेवटी दोष निघाला टेबलाखाली, कॅबिनेटच्या बाहेर.

खालचा क्रम फुकटापासून महागाकडे जातो, आणि तो आपल्याकडची घरं, आपला उन्हाळा आणि आपली लाइट धरून लावलाय. यूट्यूबवरचे बरेचसे व्हिडिओ एसीच्या खोलीत बनतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३ च्या पुढं जातो आणि घरावर पत्रे असतात. प्रोग्रामांची आणि सेटिंगांची नावं मी देवनागरीत लिहिलीत, स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील.

आधी हे जमवून ठेवा

- एक वही आणि पेन. मोबाइलमधली नोट चालेल, पण वही बरी.
- चांगला स्टार स्क्रूड्रायव्हर, टोक घासलेला नको.
- एक इंची रंगाचा ब्रश, कोरा. हवेचा छोटा ब्लोअर मिळाला तर उत्तम.
- थर्मल पेस्टची ट्यूब, पांढरं खोडरबर, सुती कापड.
- साधा डिजिटल मल्टिमीटर आणि तो वापरता येणारा माणूस.
- रिकामा पेनड्राइव्ह.
- एचडब्ल्यूइन्फो (तापमान बघायला), ओसीसीटी (भार टाकून बघायला), मेमटेस्ट८६ (रॅम तपासायला), डीडीयू (ग्राफिक्स कार्डचं जुनं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काढायला) आणि क्रिस्टलडिस्कइन्फो (एसएसडी, म्हणजे साठवणीची डिस्क, तपासायला) हे प्रोग्राम. पाचही घरगुती वापरासाठी फुकट मिळतात, मात्र प्रत्येकाच्या मूळ साइटवरूनच उतरवा.
- पीसीची सगळी बिलं आणि खोकी. खोकी रद्दीत घातली असतील तर निदान सिरियल नंबरांचे फोटो.

१. कसा बंद पडतो, ते नीट बघा

दुकानात आठवड्याला एखादं पोरगं येतंच. "दादा, पीसी बंद पडायलाय, काय करू?" मी विचारतो, म्हणजे नेमकं काय होतं? पुढं गप्प. डॉक्टरकडं जाऊन नुसतं "बरं वाटंना" म्हणण्यातला प्रकार. बंद पडण्याचे प्रकार वेगळे असतात आणि प्रत्येकाचा रोख वेगळ्या पार्टकडं असतो.

बटण दाबल्यासारखा फटकन बंद होत असेल किंवा थेट रीस्टार्ट होत असेल, तर पहिला संशय विजेवर, यूपीएसवर, एसएमपीएसवर, नंतर उष्णतेवर. स्क्रीन काळी झाली पण आतले पंखे जोरात फिरताहेत आणि हेडफोनमध्ये गेमचा आवाज येतोय, तर ग्राफिक्स कार्ड, त्याची पॉवर केबल किंवा ड्रायव्हर. निळी स्क्रीन आली तर रॅम, ड्रायव्हर किंवा प्रोसेसर. तिच्यावरचा मजकूर फोटोत धरून ठेवा. चित्र गोठून आवाज टर्रर्र अडकला तर रॅम किंवा एसएसडीपासून सुरुवात करा. आणि नुसता गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसला, बाकी सगळं ठीक, तर गेमच्या फाइली, ड्रायव्हर किंवा रॅमचा वाढवलेला वेग.

आता जी गोष्ट मला महिनाभर दिसली नाही, ती. पीसी बंद पडला की मॉनिटर काळा होणारच, त्यात नवल नाही. पण मॉनिटरच्या खालच्या कडेला जो बारीक दिवा असतो, त्याच्याकडं बघा. नुसता पीसी गेला तर तो दिवा रंग बदलतो किंवा लुकलुकतो, पण जिवंत राहतो. माझ्याकडं तो दिवाही विझायचा आणि दोन-तीन सेकंदांनी परत यायचा. कॅबिनेट आणि मॉनिटर एकाच क्षणी जात असतील तर त्या दोघांना वीज देणारी जी सामाईक वस्तू आहे ती तपासा. मी मात्र कॅबिनेटचं झाकण उघडून बसलो होतो.

२. वहीत लिहा, मग विंडोजची वही वाचा

प्रत्येक वेळी तारीख, घड्याळातली वेळ, कोणता गेम, सुरू करून किती मिनिटं झाली आणि त्या वेळी घरात आणखी काय चालू होतं, हे लिहा. आठ-दहा नोंदी पुरतात. माझ्या वहीतलं एक पान असं होतं:

१२ मे, ६:१०, गेम लावून ४० मिनिटं.
१३ मे, ६:०५, १० मिनिटं.
१४ मे, रात्री नऊपर्यंत खेळलो, काही नाही.
१५ मे, ६:१५, गेम नुकता लोड झाला होता.

उष्णतेचा दोष असता तर "किती मिनिटं खेळलो" हा आकडा जवळपास सारखा आला असता. इथं मिनिटं कशीही होती, घड्याळ मात्र तेच. सहाच्या सुमाराला आमच्या गल्लीत काय होतं? शेजारच्या काकांची बोअरची मोटर लागते. १४ तारखेला ते लग्नाला गंगाखेडला गेले होते.

हे कळायला वही लागली. डोक्यातल्या आठवणीवर मी शपथेनं सांगितलं असतं की "कधीही बंद पडतो".

यानंतर विंडोजमध्ये बघा. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप केलं की रिलायबिलिटी हिस्टरी उघडते; तारखेनुसार लाल फुल्या दिसतात. जास्त खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम.

इथं एक सापळा आहे. तिथं तुम्हाला "कर्नल-पॉवर ४१" ही नोंद हमखास दिसेल. लोक तिचा फोटो टाकून विचारतात, "हा कोणता व्हायरस?" तिचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाउन न होता बंद झाला. ते तुम्हाला आधीच माहीत आहे. कामाची असते ती तिच्या आधीची नोंद. तिथं "डिस्प्ले ४१०१" किंवा एनव्हीएलडीडीएमकेएमचं (एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचं) नाव असेल तर ग्राफिक्सची बाजू बघा, "डब्ल्यूएचईए-लॉगर" असेल तर प्रोसेसर, रॅम, मदरबोर्डची. आधी काहीच नोंद नसेल, सगळं सुरळीत चालू असताना एकदम ४१, तर विंडोजला कळायच्या आतच वीज गेली असं धरा.

निळी स्क्रीन वाचायच्या आत पळून जात असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथं जाऊन "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट"ची खूण काढून टाका.

३. लाइट, यूपीएस, अर्थिंग

आपल्याकडं मी पहिला हात इथं घालतो. ही पायरी परदेशी व्हिडिओंमध्ये जवळपास नसतेच, कारण त्यांच्या शेजाऱ्यांकडं बोअरची मोटर नसते.

आधी यूपीएस. बाजारात सर्रास खपणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. व्हीए आणि वॉट हे आकडे वेगळे आहेत; मागच्या स्टिकरवर वॉटचा आकडा शोधा. फॉर्म भरताना माझा पीसी मॉनिटरसकट शंभर वॉटही घेत नाही. गेममध्ये तोच तीनशेच्या आसपास जातो.

आता घडायचं ते असं. मोटर सुरू झाली की व्होल्टेज क्षणभर खाली बसायचं. यूपीएस "टक" करून बॅटरीवर जायचा. आतली १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी तीन उन्हाळे खाल्लेली. शंभर वॉटचा भार तिनं कसाबसा उचलला असता, तीनशेचा म्हटलं की मान टाकायची. मग लाइट सावरली की यूपीएस स्वतःहून परत चालू. म्हणून दिवसा सगळं ठीक आणि गेममध्ये हमखास बंद.

तपासायचं कसं? सगळी कामं सेव्ह करा, गेम बंद करा. ओसीसीटीची पॉवर टेस्ट लावा, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड दोन्हीवर एकदम भार येईल. मिनिटभरानं भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करा. पीसी निदान अर्धं मिनिट तग धरायला हवा. त्याच क्षणी गेला तर चोर सापडला. ही टेस्ट एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको. वीज अशी तुटणं एसएसडीवरच्या फाइलींना सोसत नाही.

दुसरी, आणखी सोपी खात्री: दोन दिवस यूपीएस बाजूला ठेवून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवा. माझा सहाच्या मोटरलाही हलला नाही. चांगला एसएमपीएस व्होल्टेजचा बराच चढउतार स्वतः सांभाळतो. बऱ्याच एसएमपीएसच्या स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. मी आधी बॅटरी बदलली, त्यानं निम्मं काम झालं, पुढं पैसे साठल्यावर ११०० व्हीएचा, म्हणजे ६६० वॉटचा यूपीएस घेतला. दुकानदार तुम्हाला जोडीला स्टॅबिलायझरही घ्या म्हणेल. पीसीसाठी मला त्याची गरज दिसत नाही. रिले टकटक करणारा स्वस्तातला स्टॅबिलायझर तर उलट नवीन खंड पाडतो.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडवर बॅटरीकडं वळायला त्याला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात पीसी जातो. पंखे, टीव्ही आणि गेमिंग पीसी एकाच छोट्या इन्व्हर्टरवर असतील तर अंदाज तुम्हीच बांधा.

मग अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात? "आमच्याकडं सगळ्यांनाच येतात" हे उत्तर नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांतून गळणारी थोडी वीज अर्थच्या तारेनं जमिनीत जायची असते. अर्थ नसेल तर ती कॅबिनेटवर बसून राहते, आणि मीटरला ११० व्होल्टच्या आसपासही दाखवू शकते. यानं गेम बंद पडतोच असं नाही, पण हेडफोनमध्ये गुणगुण, यूएसबीवरच्या वस्तू मध्येच तुटणं, असले भुताटकीचे प्रकार इथून येतात.

वायरमनकडून सॉकेटवर तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन २३० च्या जवळपास आणि एकमेकींसारखी यावीत, तिसरं दोन-तीन व्होल्टांच्या आत. सवय नसेल तर स्वतः सॉकेटमध्ये टोकं घालू नका. जुन्या घरांत थ्री-पिनच्या वरच्या भोकाला मागं तारच नसते, हे तीन ठिकाणी मी डोळ्यांनी पाहिलंय. तार असली तरी आपली काळी जमीन मे महिन्यात तळहात जाईल एवढी फाटते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी त्यात ओता. प्यायला पाणी नाही आणि खड्ड्यात कुठं ओतता, असं घरात ऐकावं लागेल. भांडी विसळलेलं पाणी चालतं.

शेवटी एक्स्टेन्शन बोर्ड. त्याच बोर्डवर कूलर किंवा मिक्सर नको. खेळून झाल्यावर प्लगला हात लावा; गरम लागला किंवा जळका वास आला तर बोर्ड फेकून द्या.

४. उष्णता आणि धूळ

एक हिशोब लक्षात ठेवा. खोलीचं तापमान जेवढं वाढेल, जवळपास तेवढंच आतल्या पार्टांचं वाढतं. २२ डिग्रीच्या खोलीत जे कार्ड ६८ दाखवतं, ते पत्र्याखालच्या ४० डिग्रीच्या खोलीत ८५ च्या घरात जाणार. त्यामुळं व्हिडिओतला आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही म्हणून घाबरू नका.

एचडब्ल्यूइन्फो सुरू करून फक्त सेन्सर उघडा, अर्धा तास खेळा, मग "मॅक्सिमम"चा रकाना वाचा. माझ्या प्रोसेसरची हद्द ९० आहे, कित्येक इंटेल प्रोसेसरांची १००. आरटीएक्स ३०६० ची ९३. हद्दीच्या पाचेक डिग्री आत चिकटून बसला असेल तर सफाईची वेळ झाली.

नुसत्या उष्णतेनं पीसी सहसा एकदम बंद होत नाही. आधी स्वतःचा वेग कमी करतो, गेम अडखळायला लागतो, फ्रेम पडतात, आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला बंद होतो. म्हणजे बंद पडण्याआधी पाच-दहा मिनिटं गेम जड झाला होता का, हे आठवा. नसेल झाला तर उष्णतेवरचा संशय थोडा कमी करा. थोडाच, कारण एसएमपीएसच्या आतली उष्णता बहुतेक पीसींमध्ये कुठल्याच सेन्सरवर दिसत नाही.

सफाई अशी करा. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेट अंगणात न्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं तो भरारा फिरला तर बेअरिंग जातं. प्रोसेसरच्या कूलरच्या पंख्याखाली, पंखा आणि जाळी यांच्यामध्ये, धुळीची गोधडी तयार झालेली असते. वरून दिसत नाही. मामेभावाचा पीसी मी मानवतला उघडला तेव्हा ती अक्षरशः एका तुकड्यात उचलून आली, त्यात कापसाचे तंतू होते. तो म्हणाला, "पंखे तर फिरायलेत की!" पंखे फिरत होते, हवा जात नव्हती. एसएमपीएसच्या जाळीत एक वाळलेली पालही होती. पाली आणि मुंग्यांना ऊब आवडते, तेव्हा मागच्या उघड्या पट्ट्या बंद करून टाका.

एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत भार शिल्लक असतो. ब्लोअर बाहेरूनच मारा.

थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांत वाळते. बदलताना तुरीच्या दाण्याएवढा ठिपका पुरे. माझ्यासारखा एएम४ सॉकेटचा रायझन असेल तर कूलर सरळ वर ओढू नका, प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो. आधी दहा मिनिटं पीसी चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडं हलकेच पिळून सोडवा.

आता कूलरबद्दल, म्हणजे खोलीतल्या पाण्याच्या कूलरबद्दल. त्याचा झोत कॅबिनेटवर धरणं मोठी चूक. दमट हवेत धूळ चिखलासारखी चिकटते, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार उडाले तर पांढरी पुटं चढतात. कूलर खिडकीत, कॅबिनेट झोताच्या बाहेर, आणि समोरची खिडकी हवा निघून जायला उघडी.

फुकटातला उपाय: गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर लावा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असताना कार्डाला १४० फ्रेम काढायला लावून खोली तापवण्यात काही मिळत नाही.

५. रॅम

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगांत) जाऊन रॅमचा वाढवलेला वेग, म्हणजे एक्सएमपी किंवा डीओसीपी, बंद करा आणि दोन दिवस खेळा. ३२०० म्हणून विकलेली रॅम तिच्या मूळ वेगाला उतरेल, गेम किंचित हळू होईल. पण बंद पडणं थांबलं तर दोष सापडला. कुणी काही ओव्हरक्लॉक केलं (ठरल्यापेक्षा जास्त वेगानं चालवलं) असेल तर तेही याच वेळी काढा.

मग रॅम काढून सोनेरी पट्टीवर खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कापडानं पुसा, परत बसवा. गावोगावचे मेकॅनिक हेच करतात आणि बऱ्याचदा एवढ्यानं भागतं. दोन कांड्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात.

मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा. चार फेऱ्यांत एकही चूक यायला नको. "एकच तर आली" असं म्हणायचं नाही, एक म्हणजे नापास. चूक आली तर एकेक कांडी वेगळी तपासा.

६. ड्रायव्हर, गेम आणि एक फसवा संदेश

एकच गेम बंद पडत असेल तर स्टीममध्ये त्या गेमच्या फाइली व्हेरिफाय करा, ओव्हरले (गेमच्या वर उघडणारी स्टीमची खिडकी) बंद करा. सी ड्राइव्हवर वीसेक जीबी जागा मोकळी ठेवा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीसमोर "गुड" दिसतंय का बघा.

ड्रायव्हर नुसता वरून टाकू नका. इंटरनेट बंद करा, सेफ मोडमध्ये जा, डीडीयूनं जुना ड्रायव्हर पूर्ण साफ करा, मग आधीच उतरवून ठेवलेला टाका. इंटरनेट बंद का, तर मध्येच विंडोज स्वतःच्या मनानं दुसरा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. दोष नव्या ड्रायव्हरनंतर सुरू झाला असेल तर एक मागचा टाकून बघा.

फसवा संदेश असा: नांदेडच्या एका मित्राच्या पीसीवर गेम सुरू होताना "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" येऊन बंद व्हायचा. कार्ड चांगलं १२ जीबीचं. त्यानं कार्ड बदलून आणलं, तरी तेच. प्रोसेसर होता इंटेलचा १३ व्या पिढीचा आय७. या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या ६५ वॉट व त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना जादा व्होल्टेज जाऊन ते हळूहळू अस्थिर होतात, हे इंटेलनं २०२४ मध्ये स्वतःच मान्य केलं. त्याच वर्षी ऑगस्टपासून बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं भरून काढत नाही. तेव्हा या पिढीचा प्रोसेसर असेल तर आधी बायोस नवा करा, तरीही त्रास राहिला तर वॉरंटीत बदलून मागा.

बायोस अपडेट मात्र लाइटचा भरवसा असेल तेव्हाच. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड दगड होऊ शकतो. ज्या दिवशी भारनियमनाचा मेसेज आलाय किंवा वळवाचे ढग दाटलेत, त्या दिवशी हात लावू नका.

७. ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस

हे दोघे एकमेकांच्या नावावर गुन्हे करतात. वेगळे करायची युक्ती: एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि खेळा. बंद पडणं थांबलं तर कार्डाला लागणारी वीज किंवा त्याची उष्णता, यांपैकी काहीतरी कमी पडतंय. तरीही बंद पडत असेल तर कार्ड, ड्रायव्हर किंवा रॅम.

कार्डाला दोन पॉवर सॉकेट असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबली आणा. एकाच केबलीच्या दोन तोंडांवर भागवू नका. कार्ड एकदा काढून परत "खट्" होईपर्यंत बसवा. ते एका बाजूला लोंबत असेल तर खाली टेकू द्या.

कॅबिनेटबरोबर आलेल्या "५०० वॉट" छापाच्या हलक्या एसएमपीएसवर गेमिंग कार्ड चालवत असाल तर आधी तो बदला. स्टिकरवर १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिलंय ते बघा, १२ नं गुणा; खरे वॉट ते.

विकत घ्यायच्या आधी मित्राचा एसएमपीएस दोन दिवस उसना आणा. पण त्याच्या केबलीसकट. मॉड्युलर (केबली सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली दिसायला सारख्या, आतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. एकाची केबल दुसऱ्याला लावून एसएसडी जाळलेली माणसं आहेत.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी रॅम आणि एसएमपीएस एकाच दिवशी बदलले होते. त्यानंतर दोन दिवस पीसी चालला, काका बाहेरगावी होते, आणि मला वाटलं जिंकलो.

८. दुकानात किंवा वॉरंटीला नेताना

"चेक करून बघा" म्हणून कॅबिनेट ठेवून येऊ नका. दुकानात एसी असतो, व्होल्टेज ठीक असतं, आणि तिथं कुणी दोन तास गेम लावून बसत नाही. संध्याकाळी फोन येतो, "काही प्रॉब्लेम नाही, घेऊन जा." त्यापेक्षा वही आणि बंद पडतानाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सोबत न्या, आणि कोणत्या पायऱ्या करून झाल्यात ते सांगा. पीसी तिथं व्यवस्थित चालला तर तीही माहितीच आहे: मग तिसऱ्या पायरीकडं परत या.

वॉरंटीत पार्ट पाठवायचा असेल तर त्याचे चारी बाजूंनी आणि सिरियल नंबरचे फोटो काढा, पोच लेखी घ्या. मदरबोर्ड देताना सॉकेटमध्ये पिना असतील तर त्यांचा जवळून फोटो हवाच. "पिना वाकलेल्या आहेत" म्हणून बोर्ड परत आल्यावर तुमच्याकडं दुसरा पुरावा नसतो. पीसी एसटीनं किंवा पार्सलनं जाणार असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि जड कूलर काढून वेगळे बांधा.

बिलांचं काम मात्र आजच करा. दुकानातल्या छोट्या मशीनवर छापलेलं गुळगुळीत कागदाचं बिल वर्षभरात पांढरं पडतं. माझं एसएमपीएसचं बिल कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं. काढलं तेव्हा त्यावर दुकानाचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. झेरॉक्स काढा, फोटो काढा आणि तो स्वतःलाच ईमेल करून ठेवा.